डॉक्टर अक्कांची चुकीची चटणी

आमच्या डॉक्टर अक्का शेंगाची चटणी ज्या रीतीने करायला सांगायच्या, ते ऐकून सोलापुरातल्या कुठल्याही बाईने कपाळाला हात लावला असता. ‘शेंगदाणे रात्रभर दुधात भिजत घालायचे. सकाळी गूळ घालून मऊ शिजवायचे. लसूण मात्र अजिबात नको, उगाच वास येतो.’ हे सगळं इतक्या शांतपणे, की दुसरा माणूस फार तर दवाखान्याचा पत्ता तेवढ्या शांतपणे सांगेल. आणि ऐकणाऱ्याला तोंड उघडायची सोय नसायची. तो टेबलावर उताणा पडलेला असायचा, तोंडावर हिरवं कापड असायचं, कापडाच्या भोकातून एक डोळा तेवढा बाहेर डोकावत असायचा आणि त्या डोळ्याच्या खालच्या पापणीपाशी अक्कांच्या हातातली सुई असायची.

अक्का डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. भवानी पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली दुकानं, मागच्या गल्लीत यंत्रमाग. मागांचा खडखडाट भिंतीतून थेट तपासणीच्या खुर्चीत यायचा, म्हणून तिथे सगळेच जरा मोठ्याने बोलायचे. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, दवाखान्यात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. ठेंगणी मूर्ती, इरकली साडी, तिच्यावर बाह्या दुमडलेला पांढरा कोट, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर मात्र त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून.

मी त्यांच्याकडे गेले ती रेघ वाकडी दिसायला लागली म्हणून. मी शाळेत चित्रकला शिकवते. एके दिवशी फळ्यावर मोठ्या पट्टीने क्षितिजाची रेघ ओढली, तर ती मध्येच पोटात खचलेली. मी आधी पट्टीला दोष दिला, मग फळ्याला, मग फळा ठोकणाऱ्या सुताराला. शेवटी वर्गातून बाहेर आले तर व्हरांड्याचे गजही मध्ये वाकलेले. तेव्हा मी तशीच दवाखान्याकडे निघाले. कारण माझा डावा डोळा लहानपणापासून नावाचाच आहे. त्याला उजेड कळतो, माणूस उभं आहे एवढं कळतं, माणसाचं नाक कुठे आहे ते कळत नाही. जे काही पाहिलं, रंगवलं, शिकवलं ते सगळं उजव्याच्या जिवावर. आणि आता उजवाच रुसला होता.

अक्कांनी तपासलं, उजेड पाडला, फोटो काढले, आणि म्हणाल्या, ‘आत सूज आहे, टीचर. पडद्याच्या अगदी मधोमध.’ थेंब सुरू झाले. थेंबांनी सूज थोडी हटली आणि पुन्हा ठाण मांडून बसली. मग अक्का म्हणाल्या, ‘थेंब पुढच्या दारापर्यंत जातात. सूज आहे मागच्या खोलीत. औषध मागून न्यावं लागेल. सुईने.’

‘कुठे?’ मी विचारलं.

‘डोळ्याच्या शेजारी.’

‘म्हणजे किती शेजारी?’

‘अगदीच शेजारी.’

मी उठले आणि चपला शोधायला लागले. चपला दाराबाहेर होत्या, हे मला माहीत होतं, तरीही टेबलाखाली शोधत होते.

अक्कांनी मला थांबवलं नाही. मेहरुन सिस्टरला हाक मारून एक स्टीलची वाटी, कापूस आणि लिंबू मागवलं. मेहरुन सिस्टर त्या दवाखान्यात इतकी वर्षं होती की अक्कांनी काय मागवलं याचं तिला आता नवल वाटत नसे. वाटीत कापूस अंथरून अक्कांनी वर लिंबू ठेवलं, सगळीकडून कापूस लागेल असं बसवलं. ‘ही वाटी म्हणजे हाड. हे लिंबू तुमचा डोळा. मध्ये काय आहे? कापूस. देवाने डोळा नुसत्या हाडात ठेवला असता तर बैलगाडीत बसल्यावरच फुटला असता.’ मग एका सिरिंजमध्ये हळदीचं पाणी भरलं आणि लिंबू आणि वाटी यांच्यामधल्या फटीतून सुई हळूच आत घातली. सुई वाटीच्या अंगाअंगाने गेली. दट्ट्या दाबला. ‘आता लिंबू उचला.’

मी उचललं. लिंबू कोरडं ठणठणीत. खालचा कापूस पिवळाधमक.

‘मला लिंबाशी काही घेणं नाही,’ अक्का म्हणाल्या. ‘मी कापसाची डॉक्टर आहे. औषध कापसात बसतं, तिथून सावकाश झिरपत आत जातं. मोतीबिंदूवाल्यांना मी ह्याच वाटेने डोळा बधिर करायचं औषध देते. तुम्हाला सुजेचं देणार. वाट तीच.’

‘आणि हात हलला तर?’

‘माझा हलत नाही. तुमचा डोळा हलायला नको, तेवढं बघू.’

मग त्या लिंबाचं सरबत करून त्यांनी मला पाजलं. त्यावर नाही म्हणायला जागाच उरली नाही.

अक्कांची एक गोष्ट मला फार आवडली. ‘काही दुखत नाही हो’ असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. दुसरे डॉक्टर मुंगी चावल्यासारखं होईल म्हणतात. ही कुठली मुंगी ते एकदा दाखवा म्हणावं. अक्का म्हणायच्या, ‘दुखेल. मुंगी चावल्यासारखं नाही, सुई टोचल्यासारखं दुखेल. मग जड वाटेल, आतून कुणी अंगठा दाबून धरलाय असं. मग संपेल.’ आणि सगळं अगदी तसंच, त्याच क्रमाने व्हायचं. खरं सांगणाऱ्या माणसाचा एक धाक बसतो, आणि त्याच धाकाचा आधारही वाटतो.

त्यांच्या त्या खोलीत छताला एक टिकली चिकटवलेली होती. बाजारात मिळते तसली, मोठी, लाल, गोल. ‘टिकलीकडे बघा’ म्हणायचं, की डोळा नेमका समोर राहतो, वर चढत नाही आणि आतल्या बाजूला वळत नाही. डोळा नको तिकडे वळला तर त्याच्या मागच्या नाजूक गोष्टी सुईच्या वाटेवर येतात, असं त्या सांगायच्या. टिकली मेहरुन सिस्टर दर महिन्याला बदलायची, कारण पंख्याच्या वाऱ्याने ती गळून पडायची. एकदा ती एका पेशंटच्या छातीवर पडली होती, आणि ते काका बऱ्याच वेळाने विचारत होते की आता कुठं बघू.

तर मी पडले होते. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले होते, पापणी पुसून स्वच्छ केली होती, ते हिरवं कापड आलं होतं. मेहरुन सिस्टरने माझं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं आणि म्हणाली, ‘टीचर, हलू नक्को हां बिल्कुल.’ मी टिकलीकडे बघत होते आणि सगळ्या देवांची नावं एकापुढे एक घेत होते. इतक्यात अक्का म्हणाल्या, ‘टीचर, तोंड बंद. बोलायचं नाही. मी बोलते. तुमच्याकडे शेंगाची चटणी कशी करतात ठाऊक नाही, मी सांगते कशी करायची.’

मग ते दूध आलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग गूळ आला. देवांची नावं थांबली. ‘शिजवायचे’ म्हणाल्या तेव्हा माझ्या छातीत काहीतरी पेटलं. शेंगदाणे शिजवायचे? आमच्या घरी माझी सासू उखळात तेल सुटेपर्यंत चटणी कुटायची. दाणे खमंग भाजलेले, लसूण सढळ हाताने घातलेला, तिखट ठेचलेलं. आणि ही बाई म्हणते लसूण नको! मी टिकलीकडे इतकी रोखून बघत होते की ती छतातून खाली यावी. बोलले असते, पण बोलायचं नव्हतं. पापणीपाशी एक टोचणी झाली, मग तो अंगठा दाबल्यासारखा जडपणा आला, आणि तरीही मी मनात उत्तरं जुळवत होते.

‘आयतु,’ अक्का म्हणाल्या. म्हणजे कानडीत ‘झालं’. आणि तळहाताने डोळा मिटून दाबून धरला. ‘आता बोला.’

मी जे बोलायला सुरुवात केली ते पट्टी बांधून होईपर्यंत थांबले नाही. अक्का ‘हौदा? हौदा?’, म्हणजे ‘हो का? हो का?’, करत ऐकत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना उखळ म्हणजे काय ते सांगतंय. पट्टी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलं. पुढच्या वेळी थोडी आणा की.’

मी पुढच्या तपासणीला खरंच चटणीचा डबा घेऊन गेले. अक्कांना चांगलं जेवण मिळत नसणार अशी माझी खात्री झाली होती, आणि त्यांच्या घरच्यांची कीव येत होती. मेहरुन सिस्टरने डबा घेतला आणि मागच्या कपाटाचं दार उघडलं. आत डब्यांची फौज. कुणाची शेंगाची चटणी, कुणाची जवसाची, कडक भाकऱ्या, धपाटे, एका डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, ‘अक्का, पुरण असं असतं.’ सगळे अक्कांना स्वयंपाक शिकवायला निघालेले पेशंट. ‘अक्का के घर में चूल कब जली, अल्ला कू मालूम,’ मेहरुन सिस्टर म्हणाली. अक्का अविवाहित होत्या, एकट्या राहायच्या, आणि आठवड्याचे सगळे दिवस दुसऱ्यांच्या हातचं खायच्या. त्यांना खरोखर स्वयंपाक येत होता की नव्हता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की त्या म्हणायच्या, ‘चाखून बघणाऱ्याला करता येतं का, हे कोण विचारतं?’

कपाटाचं दार बंद झालं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘सिस्टर, त्या मुद्दाम करतात?’

मेहरुन सिस्टर हसली. ‘टीचर, तुमकू आज समझा?’

ह्या पद्धतीने एकदा मात्र अनर्थ झाला. एक आजोबा मोतीबिंदू काढायला आले होते. मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणारे, खांद्यावर घोंगडं, तोंडात मिश्री. सोबत सून. आजोबांना आत घेतलं, आणि सून दाराला कान लावून उभी राहिली. आत अक्कांनी आपली नेहमीची चटणी लावली. बाहेर त्या बाईने ते सगळं पथ्य म्हणून पाठ केलं. डोळ्याच्या डॉक्टरने टेबलावर पडलेल्या माणसाला सांगितलं, म्हणजे पथ्यच असणार, यात तिचं काय चुकलं? आठवड्याने आजोबा तपासणीला आले. मी त्या दिवशी तिथेच होते. अक्कांनी काळा चष्मा उतरवून भिंतीवरचे आकडे वाचायला लावले, तर आजोबांनी धडाधड वाचले.

‘मग? डोळा कसा आहे?’

‘डोळा झ्याक हाय, डॉक्टरीणबाई. समदं दिसायलंय. पण ती चटणी आता बंद करा की. लई वंगाळ हाय.’

अक्कांना क्षणभर काही कळेना. सून पुढे झाली. ‘तुमीच सांगितलं की, दुदात शेंगा अन् गूळ. रोज सकाळी देतीया. दोन घास खात्यात अन् माज्याकडं बगत ऱ्हात्यात.’

‘आजोबा, तुम्ही खाल्लीत?’

‘न्हाय खाऊन करतू काय? डोळ्याचा मामला.’

अक्कांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि अतिशय गंभीर आवाजात सांगितलं की पथ्य आजपासून संपलं, आता लसूण चालेल. आजोबांच्या चेहऱ्यावर जे सुख उमटलं ते मोतीबिंदू काढल्यावरसुद्धा उमटलं नव्हतं. ते गेल्यावर अक्का मागच्या खोलीत गेल्या, आणि आम्हाला मागांच्या खडखडाटातूनही त्यांचं हसू ऐकू आलं. त्या दिवसापासून त्या खोलीचं दार आतून नीट लावलं जाऊ लागलं.

त्यांची कीर्ती अशी पसरली होती की गावात त्यांना साधं काही विचारायचीही चोरी झाली. शुक्रवार पेठेतल्या एका लग्नात त्या पंगतीत बसल्या होत्या. शेजारच्या बाईंना सहज म्हणाल्या, ‘ह्या भाजीत काय घातलंय हो?’ त्या बाईंचे दोन्ही डोळे अक्कांनीच केलेले. हातातला घास तसाच धरून त्या बाई छताकडे एकटक बघायला लागल्या.

माझी सूज उतरली. फळ्यावरची रेघ सरळ झाली, व्हरांड्याचे गज शिस्तीत उभे राहिले. पण ही सूज म्हणजे न बोलावता येणारा पाहुणा. वर्षभराने पुन्हा आली. ह्या वेळी मी ठरवून गेले होते. गुपित मला कळलं होतं. चटणी दुधात करा नाहीतर डांबरात, मी चिडणार नव्हते. टेबलावर पडल्या पडल्या मी मनात हसतच होते, आणि हसणाऱ्याचा डोळा कसा चुळबुळतो ते अक्कांना माझ्याआधी दिसलं. चटणीचं नावही त्यांनी काढलं नाही.

‘टीचर,’ त्या म्हणाल्या, ‘परवा कुणीतरी सांगत होतं, चित्रकलेत शिकवण्यासारखं तसं काही नसतं. लाल आणि हिरवा मिसळला की जांभळा होतो, सावली काढायची तर काळा फासायचा, आणि चेहरा जमला नाही तर पाठमोरा माणूस काढायचा. एवढंच ना?’

मी गोठले. लाल आणि हिरवा जांभळा? सावलीत काळा? आयुष्यभर ज्या काळ्या सावल्या मी मुलींच्या वह्यांतून खोडत आले, त्या काळ्या सावल्या? पाठमोरा माणूस! कोण म्हणालं हे, नाव सांगा.

‘आयतु. आता बोला.’

मग कळलं की ज्याला जे दुखतं ते त्या आधी हेरून ठेवायच्या. शिंप्याला म्हणायच्या, उभं कापड आडवं कापलं तरी काय बिघडतं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर काकांना म्हणायच्या, चादर काय, मशीन चालू केलं की आपोआप विणली जाते. त्या काकांनी नंतर त्यांना कारखान्यात नेऊन दिवसभर फिरवलं आणि त्या मुकाट्याने फिरल्या. एकदा मी विचारलं, की हे असं का? दोन गोड शब्द बोलून चालणार नाही का?

‘गोड बोललं की माणसाला जास्त भीती वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्याशी कुणी इतकं गोड कधी बोलतं? काहीतरी वाईट असल्याशिवाय? घाबरलेला डोळा पळतो, टीचर. चिडलेला एका जागी बघत राहतो. मला तेवढा वेळ पुरतो.’

हे झालं सुईचं. सुईनंतरचा त्यांचा जाच वेगळाच. ह्या औषधाने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून ठरल्या दिवशी तपासायला जायचंच. एकदा मी परीक्षेच्या गडबडीत गेले नाही. तर भर वर्गात शिपाई आला आणि मुलींसमोर म्हणाला, ‘बाई, तुमच्या डोळ्याचा फोन आलाय.’ मी ऑफिसात जाऊन फोन घेतला. पलीकडून कानडी सुरू होती, म्हणजे प्रकरण गंभीर. मराठी आली तेव्हा एवढंच कळलं, ‘एकच आहे ना तुमच्याकडे? दहा आहेत काय? मग?’ मी तशीच पेपरांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेले आणि दाब मोजून घेतला. 

खरं सांगायचं तर त्या बाईने माझी भीती आपल्याकडे घेऊन ठेवली होती. सूज आली की मी घाबरायचे नाही, अक्कांकडे जायचे. बाकी काही मला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. दुसरा डॉक्टर असू शकतो, हा विचारसुद्धा मला शिवला नाही. दवाखान्यात त्यांच्याच हाताखाली तयार झालेले डॉक्टर विनय होते, गेली काही वर्षं ते निम्मी कामं करायचे. शांत माणूस, गरजेपुरतं बोलणारा. मी त्यांना नमस्कार करायचे आणि अक्कांच्या खोलीकडे वळायचे.

मागच्या उन्हाळ्यात रेघ पुन्हा खचली, आधीपेक्षा जास्त. वर्तमानपत्रातल्या ओळीच्या मधली अक्षरं गायब व्हायला लागली. अक्कांनी तपासलं. ‘आजच देऊ,’ म्हणाल्या. मी टेबलावर पडले. थेंब, कापड, टिकली. मेहरुन सिस्टरने डोकं धरलं.

‘टीचर,’ अक्कांनी सुरू केलं, ‘तुमच्या त्या पाण्याच्या रंगात म्हणे आधी गडद रंग द्यायचा, आणि मग वरून पांढरा...’

आणि त्या थांबल्या.

मी वाट बघितली. टोचणी आली नाही. वाक्यही आलं नाही. मागच्या गल्लीतले माग खडखडत होते. मग स्टीलच्या ट्रेमध्ये सिरिंज ठेवल्याचा आवाज आला.

‘उठून बसा, टीचर.’

मी कापड बाजूला करून बसले. अक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. ‘हलला,’ त्या म्हणाल्या.

‘मला नाही जाणवलं काही.’

‘तुम्हाला जाणवलं असतं तर उशीर झाला असता.’

मी म्हणाले, दमला असाल, पाणी प्या, थोडं थांबू. मी म्हणाले, इतक्या वर्षांत कधी झालं नाही, एकदा हलला तर काय झालं. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून मी घेणार नाही. अक्का ऐकत होत्या. मग मी म्हणाले, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे. हलू दे हात. तुम्हीच द्या.’

त्या चिडल्या. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी अनेकदा पाहिलं होतं, पण ते सगळं आवाजातलं चिडणं होतं. हे वेगळं होतं. कानडी आली नाही, आवाज चढला नाही. ‘विश्वास ठेवा, विश्वास ठेवा म्हणून मीच सांगत आले,’ त्या म्हणाल्या. ‘आता मीच सांगते, ठेवू नका. एकच डोळा आहे तुमचा. माझ्या हौसेसाठी नाही तो.’ आणि मेहरुन सिस्टरला म्हणाल्या, ‘विनयना बोलव.’

डॉक्टर विनय आले. काय झालंय ते त्यांना एका नजरेत कळलं असावं. हात धुतले, हातमोजे घातले. मी पुन्हा आडवी झाले. मला भीतीही वाटत होती आणि रागही येत होता. मला सोडून चालली होती ती बाई, आणि तेही माझी भीती परत माझ्याच अंगावर ढकलून. मेहरुन सिस्टर बाजूला झाली आणि अक्का माझ्या डोक्याशी येऊन बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं.

आणि मग मला तो हात कळला. माझ्या उजव्या कानशिलावर, बोटांच्या टोकांतून, अगदी बारीक. बाहेरून दिसला नसता. कानशिलाला मात्र कळत होता, आणि त्या लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या. डावा हात स्थिर होता. माझं डोकं सरळ राहावं म्हणून त्या उजव्याने जास्तच घट्ट धरत होत्या, आणि जितक्या घट्ट धरत होत्या तितका तो जास्त कळत होता.  चटणी नाही, रंग नाही. मी टिकलीकडे बघत राहिले. हलावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं, पण मी हलले असते तर त्या हातांना वाटलं असतं की त्यांनीच हलवलं.

‘झालं,’ डॉक्टर विनय म्हणाले. दुखलं तेवढंच, सुई टोचल्यासारखं. हातात कसब होतं त्यांच्या. शिकवणारीच तशी होती.

त्या दिवसानंतर अक्कांनी सुई हातात घेतली नाही. दवाखाना डॉक्टर विनय चालवतात. टिकली तिथेच आहे, सिस्टर तीच आहे. माझी सूज ओसरली, अक्षरं ओळीत परत आली. अक्का अक्कलकोटला भावाच्या घरी राहायला गेल्या. निरोपाला आम्ही पेशंट एवढे डबे घेऊन गेलो होतो की त्यांच्या भावाला टेम्पो सांगावा लागला.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. त्या ओसरीत बसल्या होत्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होत्या. शाळेचं बोललो, मेहरुनचं बोललो. भावाच्या घरच्या आमटीला त्यांनी नावं ठेवली. मग त्यांनी कप खाली ठेवला. ‘उजेडात या, टीचर. बघू डोळा.’

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि तोंड वर केलं. त्यांचा उजवा हात पुढे आला, सवयीने, पापणी खाली ओढून बघायला. अर्ध्यावर आला आणि थांबला. हवेत थरथरत होता. त्यांनी तो मागे घेतला आणि डावा पुढे करायला गेल्या. डाव्याची त्यांना सवय नव्हती.

मी त्यांचा उजवा हात धरला आणि माझ्या गालावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो थरथरता अंगठा माझ्या खालच्या पापणीवर आला, आणि त्यांनी ती हळूच खाली ओढली. मी डोळा उघडा ठेवला. त्या बराच वेळ बघत होत्या, खाली, वर, कडेला, जणू आत काहीतरी त्यांनीच ठेवलेलं होतं आणि ते जागेवर आहे की नाही ते बघायचं होतं.

‘स्वच्छ आहे,’ त्या म्हणाल्या.

मग त्या अंगठा काढायचा विसरल्या, आणि मीही आठवण करून दिली नाही.